कॉन्राडला विचारून सांगते

आमच्या एलोफ लोहाराचा पुढचा एक दात अर्धाच होता. तो कसा तुटला म्हणून परक्या माणसानं विचारलं, तर गावातलं कुणीही सांगायचं, मेलेल्यांची कामं करता करता तुटला. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आमच्या स्टेन्नेसच्या दफनभूमीत दगड उभा करायची पद्धत नाही. इथे माणूस गेला की त्याच्या डोक्याशी लोखंडी क्रूस उभा राहतो. क्रुसाला वेलबुट्टी, मधोमध बदाम, बदामावर नाव, आणि दोन्ही हातांना कड्यांमध्ये अडकवलेली लोखंडाची पातळ पानं. नदीवरून वारा आला की ही पानं वाजतात. परकी माणसं ऐकून म्हणतात, अहाहा, किती शांत वाटतं! त्यांना म्हणावं, या, तिथे एकतीस वर्षं खड्डे खणा आणि मग शांततेबद्दल बोला. मी चर्चचा घंटावाला. घंटा वाजवणं, कबरी खणणं, गवत कापणं, पास्टरसाहेबांचा चष्मा शोधणं ही माझी कामं. खड्डा माझा, क्रूस एलोफचा, अशी आमची जन्माची भागीदारी होती.

तर दात. पान जाड राहिलं तर ठोकळ्यासारखं वाजतं आणि फार पातळ झालं तर किरकिरतं. नेमकं कुठे थांबायचं ते कानानं कळतं. एलोफला कानच नव्हते. म्हणजे डोक्याच्या दोन बाजूंना होते, चांगले मोठे होते, पण घणाच्या आवाजानं डावा पुरता गेला होता आणि उजव्यात कुणी ओरडलं तरच काही शिरायचं. मग हा पठ्ठ्या पानाचा देठ दातांत धरायचा आणि छोट्या हातोडीनं पानावर टिचकी मारायचा. आवाज दातातून थेट कवटीत. मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचा, ऐरणीवर आणखी दोन ठोके द्यायचा, पुन्हा दातांत धरायचा. एकदा टिचकी जरा जोरात बसली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "अर्ध्या दातानं जास्त स्पष्ट ऐकू येतं."

असा तो. अंगानं बैल, हात फावड्यासारखे, आणि त्या हातांनी तो लोखंडाचं इतकं नाजूक काम करायचा की बघणाऱ्यानं श्वास धरावा. खोड एकच. साधी वस्तू त्याला करता यायची नाही. बिजागरी मागा, तिच्यावर फर्नचं पान उमललेलं. किटली टांगायचा आकडा मागा, त्याच्या टोकाला हंसाची मान. मी गवत उचलायला काटा मागितला तर त्याच्या तिन्ही दातांच्या मुळाशी त्यानं ट्युलिपची फुलं काढून दिली. त्या फुलांत गवत असं अडकायचं की काट्यातून गवत काढायला दुसरा काटा लागायचा.

"एलोफ, लेका, मला गवत उचलायचंय, वरातीत नाचवायचा नाहीये काटा!" मी त्याच्या उजव्या कानात ओरडलो.

"वापरून वापरून झिजतील," तो म्हणाला.

ती फुलं आजतागायत झिजलेली नाहीत.

बायकांसमोर मात्र या माणसाच्या तोंडाला कुलूप. तेही त्यानंच घडवलेलं असावं, कारण उघडायचंच नाही. आणि सगळ्यात मोठं कुलूप हिल्डूरसमोर.

हिल्डूर ही कॉन्राडची बायको. कॉन्राड नदीतून ओंडके वाहून न्यायचा, आणि दिवसभर ओंडक्यांत राहून त्याला त्यांचीच सवय लागली होती. तोंडात सदा मिठाची गुळणी. लग्नात पास्टरनं विचारलं तेव्हा 'हो' म्हणाला, त्यानंतर सव्वीस वर्षांत फारसं काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. माणूस वाईट नव्हता. सरपण वेळेवर फोडायचा, दारू बेतानं प्यायचा, बायकोवर कधी आवाज चढवला नाही, कारण चढवायला तो मुळात काढावा लागतो. एका मार्चमध्ये बर्फाच्या पाण्यात पडला, छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेला, तोही काही न बोलता.

हिल्डूर एलोफकडे क्रूस सांगायला आली. मी तिथेच होतो. एलोफनं खुणेनंच विचारलं, पानं किती?

"तुम्हाला योग्य वाटतील तेवढी," हिल्डूर म्हणाली. "दर बुधवारी येऊन बघून जाईन."

हे दुसरं वाक्य ती बोलायला नको होती. आमच्याकडे साधारण बारा पानं लावतात, श्रीमंत असेल तर सोळा. बुधवार आला, हिल्डूर आली, भट्टीपाशी हात शेकत उभी राहिली, चांगलं झालंय म्हणाली. ती गेल्यावर एलोफनं एक पान वाढवलं. दोन-तीन बुधवार गेले की पुन्हा एक. क्रूस पुरा झाला तर ती येणार कशाला? उन्हाळा गेला, बटाटे निघाले, पहिलं बर्फ पडलं, तरी कॉन्राडचा क्रूस आपला होतोच आहे. शेवटी पास्टरसाहेबांनी निरोप पाठवला की मयताला वर्ष व्हायला आलं, आता पुरे. तोवर बत्तीस पानं झाली होती. क्रुसाच्या हातांवर जागा उरली नाही म्हणून एलोफनं खाली दोन जादा फांद्या जोडल्या होत्या.

तो क्रूस मी नदीच्या बाजूच्या भिंतीला लागून उभा केला. तिथे वारा थेट येतो. पहिल्याच दिवशी तो असा वाजायला लागला की आसपासच्या पंचवीस कबरींचा आवाज त्यात बुडाला. शेजारचे तक्रार करण्यातले नव्हते म्हणून निभावलं. आणि दुसऱ्या रविवारी बघतो तर हिल्डूर तिथे तिपाई टाकून बसलेली आणि कॉन्राडशी चक्क गप्पा चाललेल्या! ती काहीतरी विचारायची, पानं वाजायची, ती मान हलवायची, पुढचं विचारायची.

जन्मभर ज्या नवऱ्यानं तोंड उघडलं नाही, त्याला मेल्यावर आमच्या लोहारानं बोलतं केलं. आणि तेही कुणाच्या ओढीपायी, तर त्याच्याच बायकोच्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पुढे हिल्डूरचं कुठलंही काम निघालं की उत्तर ठरलेलं.

"हिल्डूर, कालवड विकणार का?"

"कॉन्राडला विचारून सांगते."

"हिल्डूर, घराला यंदा लाल रंग देतेस ना?"

"कॉन्राडला विचारते रविवारी."

कालवड म्हातारी होऊन गोठ्यात मेली. घर रंगाविना राहिलं. "मेल्यापासून कॉन्राड फार हट्टी झालाय बाई," असं ती कॉफी पिता पिता सांगायची आणि आम्ही हसायचो. त्या वाक्याकडे आम्ही तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

अशी अकरा वर्षं गेली. एलोफ छप्पन्नचा झाला. या अकरा वर्षांत त्यानं हिल्डूरच्या घरी केलेली प्रेमाची बोलणी म्हणजे बिजागऱ्या. दर शरदात काहीतरी निमित्त काढून जायचा आणि दाराला एक बिजागरी ठोकून यायचा. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराला सात झाल्या होत्या. ते दार उघडायला दोन हात लागायचे. तो पायरीवर बसून कॉफी प्यायचा, साखरेचा खडा त्या अर्ध्या दातात धरून बशीतून भुरके मारायचा, आणि परत येऊन मला सांगायचा, "आज बोलणारच होतो."

सदतीस सालच्या जुलैत माझा संयम संपला. त्या दिवशी भट्टीपाशी बसून आम्ही ओटाची उकड आणि खारं डुकराचं मांस खात होतो, आणि एलोफनं आठव्या बिजागरीचा विषय काढला.

"बस झालं!" मी त्याच्या कानात ओरडलो. "तुला तिच्याशी लग्न करायचंय की नाही?"

ही ओरड बाहेर तीन घरांपर्यंत पोचली असणार. एलोफशी गुपित बोलायचं म्हणजे गावजेवणाचं आमंत्रण देण्यासारखं. तो लाल झाला. भट्टीमुळे असेल म्हणून मी थोडा थांबलो, पण लाली उतरेना.

"हो," तो म्हणाला. "ग्रेगेर, मला तिच्याशिवाय म्हातारं व्हायचं नाहीये रे. पण मी तिच्या तोंडावर बोलू शकत नाही. तू विचारशील?"

मुलाच्या वतीनं दुसऱ्यानं मागणी घालायची आमच्याकडे जुनी रीत आहे. नवरा मुलगा छप्पन्नचा असू नये असं कुठे लिहिलेलं नाही. सोमवारी मी काळा कोट घालून हिल्डूरकडे गेलो. तिनं कॉफी ठेवली, वेलचीचा पाव कापला. मी बटाट्यांबद्दल बोललो, नदीच्या पाण्याबद्दल बोललो, पास्टरसाहेबांच्या गुडघ्याबद्दल बोललो.

"ग्रेगेर," ती म्हणाली, "ताकाला आलायस तर भांडं लपवू नकोस. कोट का घातलायस?"

मग मी बोललो. एलोफचं घर कोरडं आहे, माणूस तब्येतीनं धडधाकट आहे, दात सोडले तर. तिनं कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर नेमकं काय आलं ते मला कळलं नाही, मी घंटावाला आहे.

"कॉन्राडला विचारून सांगते," ती म्हणाली. "रविवारी, प्रार्थना झाल्यावर."

मी धावतच भट्टीवर आलो. "अरे, नाही म्हणाली नाही! आता सगळं कॉन्राडच्या पानांवर आहे. पानं वाजली की झालं तुझं काम!"

एलोफनं दारातून बाहेर पाहिलं. "वारा नाहीये," तो म्हणाला.

"येईल की. सहा दिवस आहेत."

मंगळवारी वारा नव्हता. बुधवारी नव्हता. गुरुवारी धुराड्यांतला धूर सरळ वर जात होता आणि नदी काचेसारखी पडली होती. शुक्रवारी एलोफ जेवला नाही. अकरा वर्षं मी त्या पानांच्या किणकिणाटाला शिव्या घातल्या होत्या, आणि आता मीच दर तासाला तिथे जाऊन बघत होतो. बत्तीसच्या बत्तीस पानं मूग गिळून गप्प.

"नाही वाजली तर नाहीच झालं," एलोफ म्हणाला. "बरोबरच आहे. त्याची बायको आहे."

"गप रे! तुझी पानं, तुझा क्रूस, आणि तुझ्याच वेळेला वाजणार नाहीत? वारा नाही तर नाही. तुझ्याकडे वारा तयार करायचं यंत्र आहे की."

मग आम्ही दोघांनी मिळून भट्टीमागच्या भात्याकडे पाहिलं.

तो भाता म्हणजे वासराएवढं धूड. त्याच्या आजानं शिवलेला, बैलाच्या कातड्याचा, दांडा दाबला की भट्टी गर्जायची. शनिवारी दिवसभर खपून आम्ही तो तुळईवरून उतरवला. रविवारी सकाळी लोक यायच्या आत ढकलगाडीत घालून, वर घोंगडी टाकून दफनभूमीकडे निघालो, तर फाटकातच पास्टरसाहेब.

"काय नेताय, ग्रेगेर?"

"बटाटे, पास्टरसाहेब."

"रविवारी? दफनभूमीत?"

तेवढ्यात घोंगडीखालून भात्यानं मोठा उसासा टाकला. पास्टरसाहेब एक पाऊल मागे सरकले.

"फार पिकलेत," मी म्हणालो.

त्यांना चष्मा सापडलेला नव्हता, देव पावला. कॉन्राडचा क्रूस भिंतीपासून हातभरावर. भिंत रचलेल्या दगडांची, मी एक दगड काढला आणि भात्याचं नळकांडं तिथून आत घातलं. एलोफला भिंतीमागे झुडपात बसवलं. त्याला कानात ओरडून सांगणं तिथे शक्य नव्हतं, म्हणून खुणा ठरवल्या. बरगडीत कोपर मारलं की सुरू, कान ओढला की बंद. मग मी जाऊन घंटा वाजवली, आत जाऊन बसलो, आणि त्या दिवसाच्या प्रवचनातला एक शब्द मला आठवत नाही. हिल्डूर पुढच्या बाकावर होती, पांढरी धुतलेली शाल घेऊन.

प्रार्थना संपली. लोक चर्चमागच्या उतारावर कॉफी प्यायला बसले आणि कुणीही नदीच्या भिंतीकडे बघत नाही असं दाखवत सगळेच तिकडे बघायला लागले. मी वळसा घालून झुडपात शिरलो. फटीतून मला हिल्डूरची पाठ तेवढी दिसत होती. तिनं तिपाई टाकली, शाल सारखी केली आणि हळू आवाजात बोलायला लागली. काय ते ऐकू येईना. बराच वेळ बोलली. मग तिनं हात जोडले, मान खाली घातली आणि वाट बघत बसली.

मी कोपर मारलं.

पहिल्या दाबाला भात्यातून नुसतं गाय हंबरल्यासारखं काहीतरी निघालं. दुसऱ्या दाबाला तीन पिढ्यांची कोळशाची पूड बाहेर पडली. आणि मग पानं वाजली! बत्तीसच्या बत्तीस, सगळी एकदम. अशी वाजली की उतारावर कुणाचा तरी कप फुटला. मी कान ओढला. एलोफला भान कुठलं? त्याचा जीव त्या दांड्यात होता. डोळे मिटून, नांगराचा फाळ तापवायचा असल्यासारखा तो भाता दाबत होता. मी दोन्ही कान ओढले. शेवटी बैलाच्या कातड्यानंच हार मानली आणि भाता फर्र करून मधोमध फाटला.

फटीतून पाहिलं तर हिल्डूर उठून उभी राहिली होती. शाल काळीकुट्ट झाली होती. तिनं तोंडावर हात धरला, तिपाई तिथेच टाकली आणि तरातरा निघून गेली.

"वाजली!" मी एलोफच्या कानात ओरडलो. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. "सगळी वाजली! आनंदानं पळाली बघ ती!"

आम्ही त्या फाटक्या भात्यावर बसून एकमेकांना मिठी मारली. एलोफ रडला. मग त्यानं नदीत डोकं धुतलं, दाढी केली, आजाच्या वेळचा कोट घातला आणि आम्ही दुपारी उत्तर आणायला हिल्डूरच्या दारात उभे राहिलो.

ती सात बिजागऱ्यांचं दार दोन्ही हातांनी उघडून बाहेर आली. डोळे सुजलेले.

"कॉन्राड नको म्हणाला," ती म्हणाली.

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. एलोफ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नको कसं म्हणेल?" मी म्हणालो. "पानं तर वाजली!"

"वाजली म्हणूनच! अरे, सव्वीस वर्षं संसार केला मी त्याच्याशी. पटलं की तो गप्प असायचा. नाही पटलं तर जेवताना चमचा ताटलीवर वाजवायचा. आता पानं वाजवतो. कालवडीला वाजवली, रंगाला वाजवली. पण आजच्याइतकी कधीच नाही. किती चिडलाय तो!"

मी घंटावाला. घंटा वाजली म्हणजे होकार, एवढंच जन्मभर शिकलो. मी मान खाली घालून एलोफच्या कानात ओरडून सगळं सांगितलं, आणि त्या मोठ्या माणसाचे खांदे कोटातल्या कोटात खाली गेले. आपल्याच भात्यानं आपलंच लग्न मोडलं हे त्याला कळत होतं. मी त्याच्या बाहीला धरलं. चल, म्हटलं, घरी जाऊ.

पण हिल्डूर आत गेली नाही. तिनं पायरीवर ठेवलेली शाल उचलली आणि आम्हाला दाखवली.

"आणि हे बघा," ती म्हणाली. "काजळी. राख. जमिनीतून आली, कॉन्राडच्या इथून. मला वाटायचं तो वर असेल. गरीब माणूस होता रे, कुणाला दुखवलं नाही त्यानं. आणि तो खाली आहे, ग्रेगेर! आगीत! सकाळपासून माझ्या घशाखाली पाणी उतरलं नाही."

मी काही ऐकलंच नाही असं दाखवत आकाशाकडे पाहिलं. पण एलोफ तिच्या ओठांकडे बघत होता, आणि ते त्याला कळलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. तो हलला नाही.

"तो आगीत नाहीये," एलोफ म्हणाला.

हिल्डूर चकित होऊन बघायला लागली. मला वाटतं तिच्यासमोर तो एवढं सलग पहिल्यांदाच बोलला.

"ती राख माझी आहे. भट्टीतली. मी भिंतीमागे भाता घेऊन बसलो होतो. वारा नव्हता म्हणून. कॉन्राडनं काही केलेलं नाही. तुम्ही रडू नका. तो जिथे असेल तिथे बरा असेल."

"भाता," हिल्डूर म्हणाली.

"बटाटे म्हणून नेला," मी मध्येच सांगितलं. का ते मला माहीत नाही.

मग तिनं पायरीवर बसकण मारली आणि हसायला लागली की रडायला लागली ते आम्हाला दोघांनाही ठरवता येईना. शालीनंच डोळे पुसले, त्यामुळे तोंडभर काळे पट्टे उमटले. मग ती एकदम थांबली.

"म्हणजे कॉन्राड गप्प होता?"

"वाराच नव्हता," एलोफ म्हणाला.

"गप्पच होता म्हणजे."

"म्हणजे हरकत नाही!" मी टाळीच वाजवली. "हिल्डूर, म्हणजे तो हो म्हणाला! एलोफ, अरे, कॉन्राडची—"

"तू तोंड बंद कर, ग्रेगेर!" हिल्डूर कडाडली. "आठवडाभर तूच बोलतोयस. माझा एक नवरा काही न बोलता गेला. दुसरा मागणी घालायला घंटावाल्याला पाठवतो आणि उत्तर द्यायला भाता आणतो. याला स्वतःला तोंड आहे की नाही?"

मी गप्प बसलो. कठीण होतं, पण बसलो. एलोफनं टोपी काढली. टोपीची कड पिळली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गोठ्यात शेळी ओरडली. मला तर वाटलं, त्याचा जबडा पकडून मीच हलवावा.

"हिल्डूर," तो म्हणाला, आणि बहिऱ्या माणसांचं होतं तसं, फार मोठ्यानं म्हणाला, "मला तुझ्याशी लग्न करायचंय. कॉन्राडची हरकत असली तरी."

अख्ख्या स्टेन्नेसनं ते ऐकलं. मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

हिल्डूर उठली. एलोफचा कान धरून तिनं त्याला जवळ ओढलं आणि त्यात ओरडली, "हे सोमवारी बोलला असतास तर त्या बिचाऱ्याला आज झोपू दिलं असतं!" मग तशीच, काळ्या तोंडानं, टोपी हातात धरलेल्या एलोफला दंडाला पकडून ती पास्टरसाहेबांच्या घराकडे चालायला लागली. मला मागे वळून एवढंच म्हणाली की चुलीवर कॉफी आहे, ती उतू जाणार नाही ते बघ.